नावं ठेवणारे

इसवी सन 779 मध्ये, आजच्या राजस्थानातील जालोर येथे बसून उद्द्योतनसूरी नावाच्या जैन मुनीने 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पुरी केली. तिच्यातला राजपुत्र हिंडत हिंडत विजयापुरीच्या बाजारपेठेत येतो, आणि तिथे त्याला देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत घासाघीस करताना दिसतात. मुनी कथेचा वेग क्षणभर आवरून धरतो आणि एकेका देशाच्या माणसाचे मोजक्या शब्दांत चित्र काढतो. गुर्जर तुपालोण्यावर पोसलेले. लाट देशाचे लोक न्हाऊन, उटी लावून, भांग पाडून आलेले. आणि आपण, म्हणजे मरहट्टे, अंगाने दणकट, उंचीने बेताचे, वर्णाने सावळे, सोशिक, पण अभिमानी आणि भांडखोर. आपल्या तोंडचे दिल्या-घेतल्याचे दोन शब्दही त्याने टिपून ठेवले आहेत. संसार सोडलेल्या माणसाची दृष्टी इतकी मिश्कील असावी याचे मला पहिल्यांदा वाचताना नवल वाटले होते. पुढे वाटू लागले, ज्याला काही विकायचे नाही आणि काही विकत घ्यायचे नाही, त्यालाच बाजार इतका स्वच्छ दिसत असणार.

गंमत पुढेच आहे. साडेबाराशे वर्षांपूर्वी कुणा परप्रांतीयाने आपल्याला बुटके, काळे आणि भांडकुदळ म्हटले, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी कधी लपवली नाही. भाषेच्या प्राचीनत्वाचा दाखला म्हणून ती मोठ्या प्रेमाने मिरवली. अपमान पुरेसा जुना झाला की त्याचा दस्तऐवज होतो, आणि दस्तऐवजावर कुणी रुसत नाही. ताम्रपट राजाचे गुण सांगतात, शिलालेख दानाचे आकडे सांगतात. सामान्य माणूस कसा दिसत होता, हेल कसा काढत होता, हे मात्र त्याची टिंगल करणाऱ्यालाच नोंदवावेसे वाटते. अलिबाग-पेणच्या पट्ट्यातील बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. त्या नावात गावगाड्याची उतरंड होती, आणि भलत्याच वारी सुट्टी घेणाऱ्यांकडे पाहून फुटलेले हसूही होते. पुढे ही मंडळी इस्रायलला गेली, 1960 च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका काढली, तेव्हा त्यांच्या शब्बाथपालनाची साक्ष द्यायला कोकणी शेजाऱ्यांच्या थट्टेतले हे नाव काही कमी बोलके नव्हते. हसणाऱ्यांनी नकळत जतन करून ठेवलेले सत्य पूजणाऱ्यांच्या हातून निसटले असते, असे कधीकधी वाटते.

पण हे सारे जुन्या नावांविषयी झाले. ते मनाशी घोळवत असताना मला सतत दुसराच एक शब्द ऐकू येत राहतो, जो अजून दस्तऐवज झालेला नाही, ज्याला अजून घाम येतो. तो शब्द म्हणजे घाटी.

सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहून पाहिले तर या शब्दात राग येण्याजोगे काय आहे हे कळणे कठीण. खाली समुद्राकाठची खलाटी, तिच्या आत डोंगरपायथ्याची वलाटी, वर घाटमाथा आणि त्यापलीकडे पसरत गेलेला देश. भूगोलाने माणसांना नावे दिली ती इतकी उघड, इतकी निरागस की खालच्याने वरून उतरणाऱ्याला घाटी म्हणावे आणि वरच्याने खालच्याला कोकण्या म्हणावे यात दिशा दाखवण्याखेरीज काही नसावे. नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही आहे. शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिकेचा लेख आहे. त्या वाटेने कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नर-पैठणकडे चढत राहिला. मीठ आणि सुकी मासळी वर गेली, धान्य आणि गूळ खाली आला. बैलाच्या पाठीवरचा माल बदलला तरी दोन्ही बाजूंना दोन्ही बाजूंची गरज होती, आणि गरज दुतर्फा असते तोवर परस्परांना ठेवलेली नावे फुलाच्या वजनाची असतात.

तोल ढळला तो मुंबईत. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली, 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, आणि पुढल्या काही दशकांत सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतली ज्यांना शेत पोसू शकत नव्हते अशी माणसे त्या गाडीने खाली उतरली. रत्नागिरीकडची माणसे बोटीने आली. दोघेही एकाच खात्यात उभे राहिले, एकाच चाळीत पथाऱ्या पसरू लागले, एकाच खानावळीत पाळीने जेवू लागले. तरी शब्दाने जागा बदलली. माणूस कुठून आला हे सांगण्याचे काम त्याने सोडले आणि माणूस काय उचलतो हे तो सांगू लागला. पुण्याहून येऊन दादर-गिरगावात बिऱ्हाड थाटलेल्या प्राध्यापकाला, डॉक्टरला, नाटककाराला कोणी घाटी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तोही खंडाळ्याचाच बोगदा ओलांडून आला होता, त्याच्याही मुलुखाला समुद्र नव्हता. घाट एकच, पण शब्दाची नजर चेहऱ्यावर नव्हती, पाठीवर होती. आणि एकदा ती पाठीवर स्थिरावली की भूगोलाची अडचण उरली नाही: ज्या कोकण्याने शेजाऱ्याला घाटी म्हणून हिणवले, त्यालाही मलबार हिलवरच्या, फोर्टातल्या, पुढे मोठमोठ्या वसाहतींतल्या लोकांनी त्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. मराठी बोलणारा आणि कष्ट करणारा, एवढ्या दोन अटी पुरत होत्या. पारशी-गुजराती घरातला भांडी घासणारा गडी कुणीही असो, तो 'रामा' असे. त्याचे बारशाचे नाव गावाकडच्या मनिऑर्डरच्या कुपनावर तेवढे राही. बाई असली तर घाटण.

मी वाढलो त्या लालबागच्या चाळीत हा शब्द दिवसातून अनेकदा, अनेक सुरांत ऐकू येई. आईचे माहेर पाटण खोऱ्यातले. शेजारच्या काकू मालवणकडच्या. संध्याकाळी आमच्या दाराच्या चौकटीला हात टेकून काकू विचारीत, "काय गो घाटणी, भाकरी थापलंस काय?" आणि आई तव्यावरून नजर न काढता म्हणे, "या की वैनी, गरमच हाय." भाकरीच्या बदल्यात वाटीभर तिसऱ्यांचे सुके येई; आईला तो वास सोसत नसे, तरी वाटी रिकामी परत जात नसे. हाच शब्द रेशनच्या रांगेत काउंटरपलीकडून, आईच्या पिशवीकडे बोट दाखवून आला की तिच्या चेहऱ्यावरचे काहीतरी आत ओढले जाई, आणि त्या दिवशी ती घरी येऊन कुणाशी फार बोलत नसे. एवढ्यावरून, प्रेमाने म्हटले तर गोड आणि तुच्छतेने म्हटले तर कडू, असा सोपा निष्कर्ष मी बरीच वर्षे बाळगला होता. तो मोडला काकूंच्याच घरी. त्यांच्या धाकट्या मुलीने दोन जिने खालच्या कोरेगावकडच्या मुलाशी लग्न ठरवले तेव्हा, ज्या दाराशी सकाळपासून रात्रीपर्यंत आमची ये-जा होती त्या दाराआडून काकूंचा आवाज आला, "घाट्याच्या घरात देव काय चेडवाक?" आई जिन्यात होती. तिने ते ऐकले, आणि संध्याकाळी भाकऱ्या दोन जास्त थापल्या. प्रेमाच्या म्हणून जपलेल्या शब्दातही ती धार म्यान होऊन पडलेली असते. वेळ आली की कुणाला शिकवावे लागत नाही, हात आपोआप मुठीवर जातो. लग्न झाले, नातवंडे झाली. काकू अखेरपर्यंत आईला घाटणच म्हणत राहिल्या आणि आईही ओ देत राहिली. त्या दिवशीचे दोघींनीही कधी काढले नाही.

चाळीतली भांडणे वासावरून होत. एका घरी सुका बांगडा भाजला की देशावरची मंडळी नाकाला पदर लावत, दुसऱ्या घरी मिरच्या भाजून लसूण-खोबरे कुटायला घेतले की अख्खा मजला ठसकत बसे. आज 'घाटी मसाला' या नावाने त्याच कुटण्याची देखणी पाकिटे दुकानात टांगलेली दिसतात आणि कोकणातलीही माणसे ती आवडीने घेऊन जातात, तेव्हा माझ्या मनात कर्णपर्व उभे राहते. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाचा रथ हाकायला मद्रदेशाचा राजा शल्य बसला आहे, आणि शत्रूकडे जाताना वाटेतच दोघांचे जुंपते. शल्य त्याला उष्ट्यावर माजलेल्या कावळ्याची गोष्ट सांगतो. कर्ण चिडतो, आणि चिडलेला माणूस जे करतो तेच करतो: समोरच्या माणसाला सोडून त्याच्या मुलुखावर तुटून पडतो. मद्रदेशाच्या लोकांची नीती, वाहीकांच्या स्त्रियांचे नाचणे, त्यांचे पिणे, त्यांचा लसूण. होय, लसूण. भारतीय युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, ज्याच्या मृत्यूला काही प्रहरच उरले आहेत असा महारथी दुसऱ्या प्रांताच्या तोंडाला येणाऱ्या लसणाच्या वासाविषयी बोलत राहतो, आणि व्यासांना ते गाळावेसे वाटत नाही. शल्यही कमी नाही. तो सांगतो की तुझ्या अंगदेशात आजाऱ्याला टाकून देतात, बायकामुले विकतात. पण लगेच असेही म्हणतो की सज्जन सगळ्याच देशांत असतात, आणि एकमेकांची टवाळी करण्यात रमणारेही सगळीकडे असतात. असे शहाणपण बोलणारा माणूस हे सगळे मुळात कर्णाचा तेजोभंग करण्यासाठीच बोलत होता, हे व्यासांनी आपल्याला आधीच सांगून ठेवलेले असते. शहाणपण खरे असायला सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असावा लागत नाही, ही महाभारताची जुनी शिकवण इथेही आहे.

नाव परत मिळवता येते का, हा प्रश्न विचारला की लोक उत्साहाने पुण्याचे उदाहरण देतात. पुणेकराच्या खवचटपणाची, दुपारच्या झोपेची, पाट्यांची एवढी थट्टा झाली, पु. ल. देशपांडे यांनी तर मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर अशी तिघांची हजेरी घेतली, आणि पुणेकराने ती सगळी थट्टा डोक्यावर घेतली; आता 'पुणेरी पाटी' म्हणून त्याच तुसडेपणाच्या प्रतिकृती भेट म्हणून विकत मिळतात. खरे आहे. पण पुणेकराला त्यासाठी काय मोजावे लागले? त्याच्या थट्टेमागे कधी भूक नव्हती. ज्याची थट्टा झाली तोच पुस्तके छापत होता, तोच नाटकांवर परीक्षणे लिहीत होता, तोच हसण्याचा दर ठरवत होता. बरोबरीच्या माणसांनी मारलेली टपली परत मिळवावी लागत नाही, ती आपलीच असते.

मालवणीचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते, कारण तिथे खरोखर काही परत घेतले गेले. मराठी रंगभूमीवर मालवणी बोलणारा म्हणजे बहुधा घरगडी. हसे उठवायचे आणि चहाचा ट्रे घेऊन आत जायचे, एवढाच त्याचा प्रवेश. 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले, मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच होऊन उभे राहिले, आणि ज्या हेलाला लोक हसत होते तोच हेल पहिल्या अंकापासून अखेरच्या पडद्यापर्यंत रंगमंचाचा धनी झाला. योगायोग असा की गावकऱ्यांनी बसवायला घेतलेले ते नाटकही महाभारतातलेच. प्रेक्षागृहात पुढच्या रांगांत बसलेले, घरी मुलांना 'शुद्ध' बोलायला लावणारे मालवणी अधिकारी त्या रात्री मोठ्याने हसले. मला वाटते, स्वतःच्या आईच्या बोलीला चारचौघांत, लाज न वाटता हसण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ असावी. हजारो प्रयोग झाले. तरीही हा विजय बोलीचा होता. 'घाटी'ला असे नाटक मिळाले नाही, कदाचित मिळणारही नाही, कारण घाटी ही काही बोली नव्हे. ती एका कामाकडे पाहण्याची रीत आहे.

आणि विजय तरी कितपत पुरतो? प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सची माणसे शेजारच्या बोइओशियाच्या लोकांना मठ्ठ समजत, आणि 'बोइओशियाची डुकरीण' अशी एक जुनी शिवीच होती. पिंडार हा बोइओशियातल्याच थीब्जचा, ग्रीक स्तोत्रकाव्याचा मेरुमणी. राजे आणि ऑलिंपिकचे विजेते त्याच्याकडून स्वतःची गाणी रचून घेत. तरी एका सिराक्यूजकराच्या विजयाचे गीत गाता गाता तो मध्येच थांबतो आणि आपण त्या शिवीतून सुटलो की नाही हे आता कळेल, अशा आशयाचे काही बोलून जातो. त्या गीताशी त्या शिवीचा काही संबंध नव्हता. सगळ्या ग्रीसने डोक्यावर घेतलेल्या कवीच्या घशात ती तरीही अडकून होती.

माझ्या समजुतीप्रमाणे नाव परत येते ते बहुतेक वेळा कवितेतून किंवा नाटकातून येत नाही. वाशीच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात पहाटे उभे राहिले तर ते कसे येते हे दिसते. ट्रकचा फाळका उघडतो. खाली उभा असलेला माणूस मानेमागे गोणपाटाची घडी सारखी करतो, पाठ वाकवतो, वरचे दोघे गोणी ओढून नेमकी खांद्यांच्या मधोमध टेकवतात, हातातले लोखंडी हूक तिच्या कानाशी रुतते आणि तो निघतो. चालत नाही, छोट्या, घाईच्या पावलांनी जवळजवळ धावतो. का धावता, असे मी एका टोळीच्या मुकादमाला विचारले तेव्हा तो म्हणाला, थांबलं की वजन वाढतं. या माणसांची गावे पाटण, जावळी, आंबेगाव, जुन्नर. शंभर वर्षांपूर्वी मशीद बंदरात ज्यांना घाटी म्हणत त्यांचेच हे वारस. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले, 1969 मध्ये माथाडी कायदा आला, मंडळे झाली, मजुरी मालकाच्या मर्जीतून निघून मंडळाच्या वहीत आली, भविष्य निर्वाह निधी आला, दवाखाना आला. त्याबरोबर, कुणी ठराव न करता, 'माथाडी' या शब्दाला प्रतिष्ठा आली. डोक्यावर ओझे वाहणारा एवढाच ज्याचा अर्थ, तो शब्द आता पतपेढीच्या फलकावर असतो, वसाहतीच्या कमानीवर असतो, लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावापुढे असतो. त्याच मुकादमाला मी 'घाटी'विषयीही विचारले. "कुणी काय बी म्हनू दे," तो म्हणाला, "मजुरी वक्ताला पायजे." आणि गाळ्याकडे वळला, कारण दुसरा ट्रक लागत होता.

या पार्श्वभूमीवर 2025 च्या गणपतीच्या तोंडावर एक छोटीशी घटना घडली, तिने मला बराच काळ गुंतवून ठेवले. 'चाकरमानी' हा शब्द अवमानकारक आहे अशी तक्रार काही संघटनांनी केली आणि शासकीय व्यवहारात त्याऐवजी 'कोकणवासी' म्हणावे असे निर्देश उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दिले. आता चाकरमानी हा शब्द मुंबईने कोकण्याला दिलेला नाही. तो गावाने दिला. चाकरीला गेलेला, चतुर्थीला आणि शिमग्याला पिशव्या भरून परतणारा, ज्याच्या मनिऑर्डरीवर घराची कौले शाकारली जात तो आपला माणूस. एसटीतून उतरला की पोरे ओरडत पुढे धावत, "चाकरमानी इले!" त्या आरोळीत अपमान शोधणे मला जड जाते. उलट 'कोकणवासी' हे नाव मला फार चापूनचोपून वाटते. त्यात ना गाडीची गर्दी आहे, ना रजेसाठी साहेबापुढे केलेली अजिजी, ना परतताना आईने पिशवीत कोंबलेले नारळ. शिवाय, जो बारमहा डोंबिवलीत राहतो त्याला कोकणवासी म्हणायचे कसे? मी असतो तर जुना शब्द ठेवला असता.

असे म्हणतो खरा, पण त्या तक्रारीची दुसरी बाजूही मला दिसते. गावाने प्रेमाने मारलेली हाक सरकारी परिपत्रकात आली की ती हाक राहत नाही, वर्ग होते. नातू चाकरमानी म्हणतो आणि सरकार चाकरमानी म्हणते यांत फरक आहे. सरकारने नागरिकाला चाकर म्हटले, तर धनी कोण, हा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो उगाच रुसला असे मी म्हणणार नाही. ज्याने आयुष्यभर साहेबाच्या हाताखाली मान खाली घालून काढले आणि ज्याचा मुलगा आता स्वतःच साहेब आहे, त्या मुलाला बापाच्या नावातली चाकरी पुसाविशी वाटते. काही मुलांना ती मिरवाविशी वाटते. दोघेही बापाविषयीच बोलत असतात, आणि दोघांनीही बापाला विचारलेले नसते.

मिरवणाऱ्यांत माझा एक पुतण्या आहे. त्याच्या काळ्या टी-शर्टावर छातीभर पांढऱ्या अक्षरांत 'घाटी' असे लिहिलेले आहे आणि तो त्याला शोभतो. त्याचे आजोबा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गिरणी त्यांना परत दिसली नाही. त्या आजोबांना हा सदरा घालून रस्त्यावर जाता आले असते का, हा विचार मी करतो तेव्हा मला वाटते, ज्याच्या पाठीवर गोणी आहे त्याला छातीवर शब्द मिरवायला हात मोकळे नसतात. नाव परत घेण्याचे सुख दोन पिढ्या उशिराने येते आणि ते नेहमी दुसऱ्याच कुणाला मिळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वारसा असाच चालतो.

तक्रार वेगळ्या गोष्टीविषयी आहे. आपण आपले नाव धुऊन घेतले आणि ते मळके पाणी फेकले ते नव्याने आलेल्याच्या अंगावर. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली त्या सुमारास दादरच्या भिंतींनी दाक्षिणात्य टंकलेखकांसाठी आणि उडुप्यांसाठी काय काय नावे वाचली हे त्या पिढीला आठवत असेल. अवघा दक्षिण भारत 'मद्रासी' या एका शब्दात कोंबला गेला, 'यंडुगुंडू' म्हणून त्यांच्या भाषांची नक्कल झाली. पुढे त्या जागी भय्या आला. उत्तरेत थोरल्या भावाला ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने आपण दूधवाल्याला आणि टॅक्सीवाल्याला असे काही म्हणू लागलो की तो शब्द त्याच्याच कानाला परका झाला. गोव्यात तर आपल्या समोरच जुना शब्द नव्या पाठीवर चढला: किनाऱ्यावरच्या इमारतींसाठी विटा वाहणारा माणूस बागलकोटचा असो की विजापूरचा, तिथे तो घाटी, आणि त्याला तसे म्हणणाऱ्यांत मराठी बोलणारेही असतात.

कर्णाकडे मला म्हणूनच पुन्हा जावेसे वाटते. सूतपुत्र हे नाव त्याला भर सभेत, भर स्वयंवरात, भर रंगभूमीवर फेकून मारले गेले होते. अंगदेश त्याचा नव्हता. हे नाव पुसता यावे म्हणून दुर्योधनाने तो त्याला दिला होता. पुढे कृष्णाने त्याला त्याचे खरे कुळ सांगितले, कौंतेय म्हणवून घेऊन साऱ्या अपमानातून एका क्षणात सुटण्याची वाट दाखवली, आणि त्याने ती नाकारली. मी राधेचा, अधिरथाचा, असे म्हणून त्याने तेच हलके ठरवलेले नाव स्वतःच्या हाताने उचलले. नाव परत घेण्याचे याहून उदात्त उदाहरण आपल्या वाङ्मयात मला सापडत नाही. आणि तोच कर्ण, तोच राधेय, थोड्याच दिवसांनी रथात बसून मद्रदेशाच्या लसणाविषयी बोलत असतो. ज्याने स्वतः सोसले तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, ही आशा व्यासांना नव्हती. मला ती अधूनमधून असते.

परवा मुलुंडहून पुतण्याबरोबर रिक्षाने येत होतो. टी-शर्ट तोच. उतरताना त्याने "ए भय्या, थांब इथेच" असे म्हटले ते अगदी त्या रेशनच्या काउंटरच्या सुरात, आणि मी ते त्याला रिक्षातच बोलून दाखवले. तो म्हणाला, "काका, भय्या म्हणजे भाऊच ना? घाटी म्हणजे घाटावरचा, तसं." व्याकरणाने त्याचे बरोबर होते. सुटे पैसे दोघांकडेही नव्हते, तेव्हा त्याने रिक्षाला चिकटवलेला कोड फोनने टिपला. पडद्यावर रिक्षावाल्याचे नाव उमटले, आडनाव आणि मधल्या नावासकट. चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून ते वाचून खात्री करून घ्यावी लागते; पुतण्याने ते मोठ्याने वाचले, पहिल्या खेपेस अडखळला, पुन्हा नीट वाचले. रिक्षावाल्याने मागे वळून मराठीत सांगितले, "हो, बरोबर. पाठवा."